निळ्या पेन्सिलीखालचं वाक्य

४ सप्टेंबर

अहो,

तुमचं पत्र पोचलं. सहा वर्षांनी तुमचं अक्षर दारात आलेलं बघून वहिनीने पाकीट चिमटीत धरून उलटसुलट केलं आणि म्हणाली, "वन्सं, कुणी गेलं तरी नसेल ना? त्याशिवाय हे कशाला लिहितील?" उघडून बघितलं. गेलं कुणी नव्हतं. तुम्हाला प्रॉम्प्टर हवी होती.

पत्र दोन पानी आहे, पण त्यातलं पाणी काढून टाकलं तर तळाशी एवढंच उरतं. तुम्ही रंगभूमी सोडताय. जाताना त्या जुन्या नाटकाचा एक शेवटचा प्रयोग करणार, ज्यातल्या न्यायाधीशाने तुम्हाला मोठं केलं. तुमच्याच थिएटरात, एक नोव्हेंबरला, दुपारी साडेतीनला. आणि हल्ली वाक्यं लक्षात राहत नाहीत. मी गेल्यावर दोन प्रॉम्प्टर झाले. एक बाई फार लवकर सांगतात, एक गृहस्थ फार उशिरा. तुमचा श्वास कुठे अडतो आणि कुठे तुम्ही तो मुद्दाम अडवता, यातला फरक त्यांना समजत नाही. "तो तुलाच समजतो," असं लिहिलंय. चौतीस वर्षं विंगेतल्या त्या स्टुलावर बसून एवढंही समजलं नसतं, तर मला दगडच म्हणायला हवं होतं.

पत्रात "कशी आहेस" कुठे दिसलं नाही. चष्मा पुसून दोनदा शोधलं. असो, बरी आहे. गुडघे कुरकुरतात. भावाच्या माघारी वहिनी आणि मी दोघी या घरात आहोत. लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवतो. पडद्यांशी माझा संबंध काही सुटत नाही बघा.

नाटकाची वही माझ्याजवळच आहे. ती न्यायला माणूस पाठवू नका. वहीबरोबर मीच येते. स्टुलावर बसते, पहिल्यासारखं सगळं सांभाळते. मागणी एकच. नाटक छापील पुस्तकाबरहुकूम करायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मधल्या वर्षांत निळ्या पेन्सिलीने जे जे खोडलं, ते सगळं परत घ्यायचं. आणि शेवटी खिडकीपाशी उभे राहून तुम्ही जे लांबलचक स्वगत म्हणता, ते लेखकाचं नाही, तुम्ही घुसडलेलं आहे. ते गाळायचं.

दचकू नका. जरा लोकांच्या बाजूने बघा. एवढा मोठा नट, जाताना स्वतःच्या टाळ्यांचं स्वगत सोडतो आणि लेखकाचं लेखकाला परत करतो. पेपरवाले डोक्यावर घेऊन नाचतील.

विचार करून कळवा. कोमट पाणी पीत जा, तुमचा घसा ऑक्टोबरात हटकून बसतो.

— मी


१९ सप्टेंबर

अहो,

होकार आला, आणि सोबत कात्रणही. "मूळ नाटक, मूळ रूपात. ज्येष्ठ नटाची अनोखी कल्पना." कल्पना तुमची, असं छापलंय. असू दे. इतकी वर्षं तुमच्या तोंडात शब्द घालत आले, त्यात एक कल्पना जास्त.

नाटकात बायकोचं काम करणारी तुमच्या कंपनीतली ती मुलगी काल इथे येऊन गेली. गुणी आहे. शिवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून बसली आणि शेवटच्या अंकाशी आल्यावर तिचे डोळे एवढे मोठे झाले.

"काकू, हे सगळं मीच बोलायचं? घड्याळ लावून बघितलं मी. अकरा मिनिटं होतात."

"तूच."

"मध्ये ते काहीच म्हणत नाहीत?"

"नाही. ते खुर्चीत बसून ऐकतात."

"कोण, मालक?" ती हसायलाच लागली. "ऐकतात?"

वहिनीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मी तिकीट काढून येणार," म्हणाली. "पुढच्या रांगेचं."

मुलगी सांगत होती की तिसऱ्या अंकाच्या तालमीला तुम्ही येणार नाही म्हणून कळवलंय. "तिथे मी नुसता बसून असतो, बसायची कसली तालीम?" असं म्हणालात म्हणे. तुमच्या खुर्चीत मॅनेजर बसतो आणि पेंगतो. तुमची मर्जी. पण एक सांगून ठेवते. मुलीचं बोलणं संपून ती दाराबाहेर गेली की तुम्हाला एक वाक्य आहे. नाटकातलं शेवटचं. दोन शब्दांचं आहे. सोबत छापील पुस्तक पाठवते. पान एकशे अठरा. नजरेखालून घाला.

— मी


७ ऑक्टोबर

हे पत्र आत्ता टाकणार नाही. पाकिटात घालून, चिकटवून, कपड्यांच्या घडीखाली ठेवणार आहे. प्रयोग झाल्यावर पाठवीन.

मनातलं लिहायला बसले की मला नाटकातल्यासारखं लिहायला होतं. त्याला कारण तुम्हीच. शाळा चौथीत सुटली. वाचायला शिकले ती तुमच्या कंपनीच्या नाटकांवर. एकोणिसाव्या वर्षी त्या न्यायाधीशाच्या बायकोचं काम मला दिलंत तेव्हा मी बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची आणि तुम्ही शेजारी बसून न कंटाळता सांगायचा. ते खोटं नव्हतं. उगाच कशाला नाही म्हणू? तुम्ही किती चांगले असू शकता ते मला ठाऊक आहे, म्हणूनच राग इतका टिकला.

नाटकात न्यायाधीशाच्या हातून एक महत्त्वाचा कागद हरवतो, आणि तो बायकोला चारचौघांत सांगू देतो की तिने हरवला. गाव तिच्या तोंडात शेण घालतं, हा गप्प. शेवटी ती शाल घ्यायला घरी येते, त्याच्यासमोर उभी राहून सगळं बोलते आणि निघून जाते. त्या अंकाला टाळ्या मला पडायच्या. पहिल्या पाचपन्नास प्रयोगांत. मग तुम्ही म्हणालात, "हे जरा लांबतंय, इथून इथपर्यंत काढ." निळी पेन्सिल माझ्याच हातात दिलीत. पुढच्या महिन्यात आणखी चार ओळी. मग अर्धं पान. "इथे माझ्याकडे कुणी बघतच नाही गं." मी हसून खोडायची. माझंच बोलणं माझ्याच हाताने. नवऱ्याचं मन राखायचं, दुसरं काय. मग एक दिवस, "तू विंगेत बसलीस ना, की मला धीर येतो," असं म्हणालात आणि माझ्या जागी दुसरी आली. मी स्टुलावर गेले तेही आनंदाने. तुम्हाला माझ्यामुळे धीर येतो, याचंच मला केवढं अप्रूप!

हे सगळं मी गिळलं होतं, अहो. पचलंही होतं. सहा वर्षांपूर्वीचं मात्र पचलं नाही.

त्या दिवशी दोन प्रयोग होते. दुसरा संपल्यावर न्यायाधीशाचा काळा कोट नेहमीप्रमाणे ब्रशने साफ करायला घेतला. आतल्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी. थिएटरच्या कारकुनाचं अक्षर. "काकूंच्या भावाचं जास्त आहे. सारखी बहिणीची आठवण काढतायत. ताबडतोब निघा असा फोन." खाली त्याने वेळही घातली होती, सज्जन माणूस. अकरा वीस. बारा चाळीसची बस होती. साडेचारला मी त्याच्या उशाशी असते. तो पाचला गेला. वहिनी सांगते, शेवटपर्यंत दाराकडे डोळे होते, कुणी आत आलं की विचारायचा, "आली का?"

आणि अकरा वीसला मी काय करत होते? पहिल्या प्रयोगाचा दुसरा अंक. तुम्ही साक्षीदाराचं नाव विसरलात, ते सांगत होते.

चिठ्ठी तुमच्यासमोर धरली. तुम्ही आरशात बघून गालावरचा रंग पुसत होतात. पुसणं थांबवलं नाहीत. "प्रयोग होता ना," म्हणालात. "तू गेली असतीस तर मी काय केलं असतं? सांगणारच होतो." मी उभी राहिले. मला वाटलं, अजून काहीतरी येईल. तुमचा श्वास अडला की पुढे वाक्य येतं, एवढं मला माहीत होतं. तुम्ही कापूस टाकून दुसरा घेतलात.

मी फक्त दोन शब्दांसाठी उभी होते. "माझं चुकलं." एवढेच.

ते दोन शब्द त्या नाटकातही आहेत. पान एकशे अठरा. बायको निघून जाते, खोली रिकामी, आणि न्यायाधीश बंद दाराकडे बघून म्हणतो, "माझं चुकलं." पडदा. लेखकाने तेच शेवटचं वाक्य लिहून ठेवलंय. अक्षर गिरवायला म्हणून वही तेव्हाही माझ्याचकडे असायची, आणि पहिल्याच तालमीत तुम्ही ते काढायला लावलं होतंत. "नायक असा नाक घासत नाही," म्हणालात. माझ्या पेन्सिलीने खोडलेली सगळ्यात पहिली ओळ तीच. तुम्ही विसरला असाल. नाटक तुम्ही सबंध कधी वाचलंच नाहीत, आपल्यापुरतं तेवढं वाचलंत.

तर आता माझा बेत उघड सांगते, कारण हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा उशीर झालेला असेल. तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, भरल्या थिएटरात, उजेडात, तुम्हाला खुर्चीला खिळवून बायकोचं बोलणं अकरा मिनिटं ऐकायला लावणार. उठता येणार नाही, मध्ये तोडता येणार नाही. आणि शेवटी माझ्या तोंडून तुमच्या कानात ते दोन शब्द घालणार, आणि तुम्ही ते सगळ्यांसमोर म्हणणार. तुमच्या मनातून नाही आले तरी चालतील. उसने चालतील. मला एकदा ऐकायचेत. वहिनीलाही ऐकवायचेत.

वहिनी म्हणते, "वन्सं, एवढ्यावर भागेल का तुमचं?"

मी म्हटलं, भागवीन.


३० ऑक्टोबर

अहो,

मी पोचले. बायकोचं काम करणाऱ्या त्या मुलीच्या घरी उतरले आहे. आज थिएटरात जाऊन स्टूल बघून आले. एक पाय डुगडुगत होता, अण्णांनी खाली पुठ्ठ्याची घडी घातली. अण्णा आता पार वाकलेत, पण पडद्याची दोरी अजून दुसऱ्या कुणाला देत नाहीत. मला बघून म्हणाले, "काकू, आलात? आता मालकांना सगळं आठवेल."

तुमच्या खोलीशी आले होते, आत पेपरवाले होते म्हणून मागे फिरले. तुम्ही सांगत होतात, "माझी बायको माझा श्वास आहे." बाहेरून छान ऐकू आलं.

पुस्तक अजून पाकिटातच आहे असं मॅनेजर म्हणाला. परत एकदा, शेवटचं सांगते. तिसऱ्या अंकाचं तुमचं वाक्य बघून ठेवा. ऐन वेळी नवं ऐकून गडबडू नये म्हणून म्हणते. मला तुम्हाला फसवायचं नाही.

— मी


९ नोव्हेंबर

अहो,

सहा ओळींचं पत्र मिळालं. "दिवा का लावला नाहीस? चौतीस वर्षांत पहिल्यांदा तू चुकलीस, आणि तीही त्या दिवशी." एवढंच लिहिलंय. सोबतचं जाड पाकीट महिन्यापूर्वीचं आहे, ते आधी वाचा. मग पुढचं. तुमची बाजू तुम्हाला माहीत आहे, माझ्या बाजूने काय दिसलं ते सांगते.

पहिले दोन अंक तुम्ही झकास केलेत. एकवीस वेळा अडलात, एकवीस वेळा मी सांगितलं, पहिल्या रांगेलासुद्धा पत्ता नाही. वहिनी तिसऱ्या रांगेत बसली होती. मध्यंतरात मला येऊन म्हणाली, "मेल्याला येतं हो काम करता." तिच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

मग तिसरा अंक. मुलगी बोलायला लागली आणि थिएटर असं गप्प झालं की वरच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी वहीत बघत नव्हते. ते सगळं मला पाठ होतं. निळ्या रेघांखालची एकेक ओळ परत उजेडात येत होती. दुसऱ्या मिनिटाला तुम्ही पाय बदललात. चौथ्याला खिडकीकडे बघितलंत, स्वगताची जागा शोधत. सहाव्याला माझ्याकडे डोळे वळवलेत. "किती आहे अजून?" हे तुमच्या भुवईत वाचता येत होतं. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसलात तेव्हा मला वाटलं, तुम्ही शब्द शोधताय," तेव्हा पुढच्या रांगांत कुणीतरी नाक शिंकरलं. वहिनीचंच असावं.

अकरा मिनिटं. तुम्ही ऐकलंत. तेवढं माझ्या पदरात पडलं.

मुलगी शाल घेऊन दाराबाहेर गेली. मी वाक्य सांगितलं. "माझं चुकलं." माझं सांगणं पोचलं की तुमचा डावा अंगठा खुर्चीच्या हातावर एकदा आपटतो. आपटला. ऐकू आलं होतं तुम्हाला. बोलला नाहीत. पुन्हा सांगितलं. अंगठा पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते प्रॉम्प्टिंग नव्हतं, अहो. मी मागत होते.

तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. मुद्दाम. विसरलेल्या माणसाची ती नजर नव्हती. वाक्य समोर वाढलेलं आहे, आणि आपल्याला नको आहे, अशी होती. मग सावकाश तोंड प्रेक्षकांकडे फिरवलंत, डोळे मिटलेत, तळहात कपाळावर टेकलात. आणि सगळं थिएटर उठून उभं राहिलं.

त्या क्षणी मला हसावं की रडावं ते कळेना. इतक्या आठवड्यांचा माझा सूड तुम्ही उचललात आणि त्याच्या टाळ्या करून टाकल्यात! लोक ओरडत होते, कुणी डोळे पुसत होतं. तुमच्या गप्प बसण्याचं त्यांनी सोनं केलं. सहा वर्षांपूर्वी आरशासमोर तुम्ही असेच गप्प होतात, फक्त तेव्हा तिकीट नव्हतं.

माझं बोट सवयीने भिंतीवरच्या बटणावर गेलं होतं. ते दाबलं की अण्णांच्या डोक्यावर लाल दिवा लागतो आणि अण्णा दोरी सोडतात. मी बोट काढून घेतलं. वही मिटली. गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

"काकू, दिवा?" अण्णा पलीकडून खुणेने विचारत होते.

मी मान हलवली. जवळ गेल्यावर ते कुजबुजले, "मग मी काय करू?"

"तुम्हाला काय सांगितलंय मालकांनी?"

अण्णांनी दोरीशेजारच्या पाटीकडे बघितलं. तुम्हीच रंगवून घेतलेली. 'दिव्याशिवाय दोरीला हात लावू नये.' त्या पाटीपायी एका माणसाची नोकरी तुम्ही घालवलीय, अण्णांच्या धाकट्या भावाची. अण्णांनी दोन्ही हात खिशात घातले. "दिवा नाही तर दोरी नाही," म्हणाले. "आपण कोण ठरवणारे?"

मॅनेजर पुढे मोठ्या लोकांच्या सरबराईत होता. मुलगी तोंड धूत होती. मी मागच्या दाराने बाहेर पडले, वहिनी आली, आम्ही दोघींनी बस पकडली.

पुढचं मला अण्णांनी फोनवर सांगितलं. पाच मिनिटं टाळ्या. तुम्ही कपाळावर हात ठेवून तसेच. पडदा पडल्याशिवाय नटाने हलायचं नाही, हा तुमचाच दंडक, आणि तो तुम्ही पाळलात, त्याबद्दल मी तुम्हाला मानते. मग टाळ्या विरळ झाल्या. लोक खाली बसले. काहीतरी अजून होणार असं त्यांना वाटलं. काही होईना, म्हणून काहींनी पुन्हा वाजवल्या. भिडेखातर. मग खोकले सुरू झाले. आणि मग एका लहान मुलीने आईला खणखणीत आवाजात विचारलं, "आई, ते आजोबा झोपले का?"

आधी एक माणूस हसला. अण्णा म्हणाले, तो थांबवायला बघत होता बिचारा. पण हसू काय, एकाचं दुसऱ्याला लागतं. मागच्या रांगा पहिल्या फुटल्या. तुमच्या थिएटरात, तुमच्या न्यायाधीशाला, खदाखदा. मग खुर्च्या वाजायला लागल्या, लोक बॅगा उचलून निघाले. मॅनेजर धावत आत येईपर्यंत अर्धं थिएटर रिकामं होतं, आणि तुम्ही त्याला ओठ न हलवता "पडदा" म्हणालात. त्याने दोरी ओढली तर ती अडकली. अण्णांशिवाय ती कुणाचं ऐकत नाही.

झाडूवाल्या बाई खालून झाडत झाडत वर आल्या. तुम्ही अजून खुर्चीत. त्यांनी विचारलं म्हणे, "काका, जरा पाय वर घेता?" तुम्ही घेतलेत. दोन्ही.

हे ऐकून वहिनी इतकी हसली की तिला उचकी लागली. मी हसले नाही असं कशाला सांगू? हसले. पोट दुखेपर्यंत. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ ओट्याला धरून उभी राहिले. ते कशासाठी, ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

एका पेपरने तुमच्या त्या स्तब्धतेवर दोन रकाने लिहिलेत, दुसऱ्याने त्या लहान मुलीवर. दोन्ही कात्रणं मी ठेवली नाहीत. वही बायकोचं काम करणाऱ्या मुलीला दिली. ती हे नाटक करणार आहे म्हणते, दुसरा न्यायाधीश घेऊन. माझं एकच म्हणणं होतं, त्याला आधी पान एकशे अठरा वाचायला लाव. तिने वाचायला लावलं. तो म्हणाला, "यात काय अवघड आहे?" आणि म्हणून दाखवलं. पहिल्या झटक्यात. मी तिथे नव्हते, मुलीने सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते मला ऐकायचंही नव्हतं.

आता तुमचा प्रश्न. मी चुकले असं तुम्ही लिहिलंय. वही जाण्याआधी मी पुन्हा उघडून बघितली, कारण कामात चूक झाली असेल तर मला झोप लागत नाही. त्या पानावर माझ्याच अक्षरात, पहिल्या तालमीच्या दिवशी, तुम्ही ओळ खोडायला लावण्याआधी लिहिलेलं आहे: आधी वाक्य, मग दिवा.

वाक्य आलं नाही.

— मी